देवबागचे नऊ फोटो: मेटल की ॲक्रिलिक

२७ एप्रिल २०२५

काकींचं काम अखेर घेतलं. मालवणजवळच्या देवबागात राहत्या घराला लागून त्यांचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पुढे पडवी, पडवीपुढे माडांची एक रांग, की लगेच वाळू. मागच्या दारातून निघालं तर पाच मिनिटांत कर्लीची खाडी. म्हणजे खारा वारा दोन्हीकडून.

काम नऊ फोटोंचं. पडवीत तीन, चार खोल्यांत चार, जेवणाच्या खोलीत एक मोठा (चार फूट बाय तीन फूट) आणि नववा काकींच्या सासऱ्यांचा.

आत्ता भिंतीवर जे आहे ते बघून आले. काचेच्या फ्रेममधले सात फोटो, सगळे सहा वर्षांपूर्वी मीच करून दिलेले, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती. मागचा हार्डबोर्ड फुगलाय. माउंटवर चहा सांडल्यासारखे डाग. दोन फोटोंत काचेच्या आतून बुरशी, नेच्याच्या पानासारखी फांद्या फुटत गेलेली. एकाचा कोपरा कसरीने खाल्लाय. मी त्या वेळी कागद चांगला वापरला होता, शाई चांगली वापरली होती, आणि मागे एक भोक ठेवून हवा खेळती राहील असं स्वतःलाच समजावलं होतं. हवा खेळली खरी.

सासऱ्यांचा फोटो वेगळ्याच दुखण्याचा. होडीला हात लावून उभे, डोक्यावर पांढरी टोपी. तो काचेलाच चिकटलाय. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो दमट हवेत मऊ होऊन काचेला धरतो. ओढून काढला तर चेहरा काचेवर आणि कागद हातात. काकींना तीनदा सांगितलं, कुणालाही काढू देऊ नका. काचेसकट कॉपी करणार.

म्हणजे कागद आणि काच बाद. उरलं मेटल किंवा ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक). काकींची अट एकच: "काय ता कर, पण परत कुजूक नको."

३० एप्रिल

कोल्हापूरच्या लॅबवाल्याशी तासभर फोन. माझ्या डोक्यातले काही गैरसमज निघाले ते इथे लिहून ठेवते, कारण काकी हेच विचारणार.

मेटल प्रिंट म्हणजे पत्र्यावर शाई मारलेली नसते. आधी फोटो उलटा, आरशातल्यासारखा, ट्रान्सफर कागदावर छापतात. मग तो कागद ॲल्युमिनियमच्या शीटवर पालथा घालून हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंशांना दाबतात. शीटवर आधीच पॉलिएस्टरचा थर असतो. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती त्या थरात शिरते. म्हणून फोटो नखाने खरवडला तरी निघत नाही, आणि वर काचेची गरज नाही. शीट जेमतेम एक मिलिमीटरची, आणि तीही दोन जातींची: एकीवर आधी पांढरा थर, दुसरीवर फक्त पारदर्शक. दुसरीत फोटोतला पांढरा भाग म्हणजे नुसतं उघडं ॲल्युमिनियम चमकत राहतं.

ॲक्रिलिकच्याही दोन वाटा. एक, फोटो नेहमीच्या फोटोपेपरवर छापायचा आणि पारदर्शक गोंदाने ॲक्रिलिकच्या पाठीला चिकटवायचा, मागून आधाराला एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे प्लॅस्टिक). ही पद्धत जुनी आहे. डायासेक या नावाने ती १९६९ साली निघाली. दुसरी, ॲक्रिलिकच्या पाठीवरच यूव्ही शाईने (अतिनील उजेडाने लगेच वाळणाऱ्या) थेट छापायचं आणि वरून पांढऱ्या शाईचा हात. मधे कागदच नाही.

मला पहिलीचं रूप आवडतं. पाण्यात पाहिल्यासारखी खोली येते. पण "मधे कागद" हे शब्द ऐकले की आता हार्डबोर्ड आठवतो.

लॅबवाल्याला विचारलं, समुद्रकाठी काय टिकेल? म्हणाला, ताई, दोन्ही टिकतं. हे उत्तर मी गिऱ्हाइकांना स्वतः इतक्या वेळा दिलंय की लगेच ओळखलं. नमुने मागवले.

९ मे

नमुने आले. एकच फोटो, आठ बाय दहा इंची सात तुकड्यांवर: रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पुढ्यात बांगड्यांचा ढीग, मागे पांढऱ्या बनियनमधली माणसं, काळं ओलं जाळं. मुद्दाम निवडला, कारण त्यात चमक, पांढरा आणि काळा तिन्ही आहे.

पारदर्शक थराच्या मेटलवर बांगडे असे उतरलेत की काकींनी बोट लावून पाहिलं. खवल्यांतला उजेड खरोखर धातूचाच, फोटोकडे बघत बाजूने चाललं तर तो आपल्याबरोबर सरकतो. पण मागच्या माणसांचे बनियनही चांदीचे झाले, आणि आभाळ पत्र्याचं. पांढऱ्या थराच्या मेटलवर माणसं माणसांसारखी दिसतात, बांगडे जरा साधे होतात.

ग्लॉसी ॲक्रिलिक जेवणाच्या खोलीत खिडकीसमोर धरलं. काकी समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्येच्यात माका माझाच त्वांड दिसता, फोटो खंय आसा?"

खरं आहे. समोर समुद्राची खिडकी, फोटोत समुद्र, त्यावर खऱ्या समुद्राचं प्रतिबिंब आणि मधे काकी.

तुकडे लावले ते असे: दोन मेटल आणि एक ॲक्रिलिक पडवीच्या खांबांवर, दोन जेवणाच्या खोलीत, एक एसी खोलीत, एक न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, जी कायम ओलसर असते. स्क्रूही मिसळून: झिंकचं पाणी दिलेले साधे लोखंडी, पितळी आणि ३०४ स्टेनलेस. स्क्रूंची परीक्षा घ्यावी असं ठरवलं नव्हतं, डबीत जे होते ते वापरले. पुढे हेच उपयोगी पडेल असं वाटत नव्हतं.

२६ मे

मी परीक्षा सात जूनपासून धरली होती. पाऊस कालच देवगडपर्यंत पोचला. मेमध्ये!

१९ जून

फोटोंना काही नाही. लोखंडी स्क्रूखाली भिंतीवर तांबडे ओघळ. काकींनी भिंत दाखवली, फोटो नाही.

८ जुलै

आज ॲक्रिलिकची एक खोड कळली, आणि ती पावसाची नाही.

साफसफाईला येणाऱ्या मुलाने जेवणाच्या खोलीतला ॲक्रिलिकचा तुकडा काच पुसायच्या स्प्रेने पुसला. नंतर डाग राहिला म्हणून सॅनिटायझरने. त्याची चूक नाही, दिसायला काचच आहे ती. कडेला बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, पण उजेडात तिरकी धरली की कडेपासून आत केसासारख्या भेगा दिसतात, दाट, एकमेकींना समांतर, दोन-तीन मिलिमीटर लांब. पुसलेल्या बाजूलाच. खालची कड, जिथे कापड पोचलं नाही, ती साफ.

लॅबला फोटो पाठवला. त्याचं उत्तर पटलं: हा तुकडा लेझरने कापलेला. लेझरच्या उष्णतेने कडेच्या प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहतो. त्याला अल्कोहोल लागलं की ताण भेगांच्या रूपाने बाहेर पडतो. राऊटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) कापून कड पॉलिश केली, किंवा कापल्यावर ओव्हनमध्ये गरम करून हळूहळू थंड केली, तर हा धोका बराच कमी होतो. तरी स्पिरिट, थिनर, अमोनियावाले स्प्रे ॲक्रिलिकला कायमचे वर्ज्य. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ कापड, बस.

आता प्रश्न असा की होमस्टेमध्ये दर मोसमाला साफसफाईचा मुलगा बदलतो. प्रत्येकाला हे कोण सांगणार? मेटलच्या तुकड्यावर त्याने तोच सॅनिटायझर मारला होता. मेटलला काही झालेलं नाही.

तरीही ॲक्रिलिकवर फुली मारायची घाई करत नाही. एसी खोलीतला तुकडा अजून सगळ्यात देखणा आहे.

३ ऑगस्ट

सगळे तुकडे उतरवले. पडवीतल्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून भिंगाने दीड तास. काकींनी मधे चहा आणि घावने दिले, म्हणून दोन तास.

पडवीचे मेटल. समोरून बघितलं तर काल आणल्यासारखे. रंग तसाच, बुरशीचा मागमूस नाही. मग कडेकडे गेले. शीट कापतात तिथे कडेला पॉलिएस्टरचा थर नसतो, नुसतं ॲल्युमिनियम उघडं असतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, स्वतःच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याखाली सुरक्षित राहतं, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा जागोजाग फोडतं. खालच्या कडेला, जिथे थेंब लोंबकळून वाळतो, तिथे पांढरी पूड. आणि लोखंडी स्क्रूच्या भोकाशी फारच: पूड तर होतीच, शिवाय भोकापासून थराच्या खालून एक बारीक रेघ निघालेली, गांडूळ मातीखालून गेल्यावर वरची माती उचलते तशी. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्या बॅटरीत झिजायची पाळी ॲल्युमिनियमची. पितळी स्क्रूपाशीही तेच, पितळ तर ॲल्युमिनियमला लोखंडाहून वैरी. ३०४ स्टेनलेसपाशी कमी, पण स्क्रूच्या डोक्यावर चहाच्या रंगाचे ठिपके आलेत.

पडवीचं ॲक्रिलिक (मधे कागदवालं). ॲक्रिलिक स्वतः उत्तम. पण खालच्या कडेने आत दोन मिलिमीटरची रुपेरी झालर. तिथून ओल शिरली, गोंद सुटला, मधे हवा गेली. उजेडात अभ्रकासारखं चमकतं. एका पावसात दोन मिलिमीटर. पाच पावसांचा हिशोब मांडायला गणित लागत नाही.

न्हाणीघराबाहेरचं थेट छापलेलं ॲक्रिलिक. आश्चर्य म्हणजे बरं आहे. कागद नाही, तर कुजायला काही नाही. फक्त पाठीची पांढरी शाई भिंतीला घासून एका जागी गेली आणि तिथून समोरून राखाडी डाग दिसतो.

एसी खोलीतलं ॲक्रिलिक निर्दोष. धूळ मात्र ओढतं, पुसताना स्थिर वीज येते आणि कापडाचे तंतू परत चिकटतात.

मी एप्रिलपासून "कोणतं मटेरियल" असं विचारत होते. भिंगाखाली जे दिसलं त्यात चित्र कुठेच बिघडलेलं नाही. जे काही बिघडलं ते कडेला, भोकाशी आणि पाठीला.

११ ऑगस्ट

कोल्हापूर. फोंडा घाटात धुकं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये.

लॅबमध्ये प्रेस उघडताना बघायचं होतं. कागदावर छापलेला फोटो आधी अगदी मरगळलेला दिसतो, जुन्या साडीसारखा फिका. दीड-दोन मिनिटांनी प्रेस वर उचलली, कागद एका कोपऱ्यातून सोलला आणि खालून निळा असा निघाला की मी मागे सरकले. त्यात उष्णतेचाही वाटा होता.

पहिल्या तुकड्यावर आभाळात ढगाळ चट्टे आले. लॅबवाल्याला नवल नाही: पावसाळ्यात ट्रान्सफर कागद ओल पितो, प्रेसमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि रंग सारखा बसत नाही. दुसऱ्या वेळी कागद आधी काही सेकंद नुसता गरम करून घेतला. चट्टे गेले. मोठ्या फोटोसाठी हे विसरायचं नाही म्हणून ऑर्डरच्या चिठ्ठीवर लाल पेनने लिहायला लावलं.

सासऱ्यांचा फोटो इथेच अडला. मेटलवरचा काळा-पांढरा हा खरं तर रंगीत शायांच्या मिसळणीतूनच होतो, त्यामुळे राखाडीला कुठली तरी झाक येतेच. पहिला प्रूफ हिरवट, दुसरा जांभळट. तिसऱ्यात मीच म्हटलं, तटस्थ राखाडीचा नाद सोडा, सगळाच किंचित तपकिरी करा. मूळ फोटो काळाने तसाच झालाय. तो प्रूफ घेऊन आले.

२० ऑगस्ट

चतुर्थी आठवड्यावर. काकींचं निम्मं लक्ष मखराकडे, पण आज ठरवलं नसतं तर दिवाळीपर्यंत गेलं असतं.

पडवीतले तिन्ही पांढऱ्या थराच्या मॅट मेटलवर. मॅटमुळे काळा थोडा फिका पडतो, पण समोर उघडं आभाळ असताना ग्लॉसीचा काही उपयोग नाही.

जेवणाच्या खोलीतल्या मोठ्यावरून वाद झाला. काकींच्या मुलाला ॲक्रिलिक हवं, मुंबईत एका हॉटेलात त्याने पाहिलंय. त्याच्यापुढे वहीत हिशोब मांडला. चार बाय तीन फुटांचं पाच मिलिमीटरचं ॲक्रिलिक साडेसहा किलोच्या वर, मागची एसीपी धरून अकरा किलोच्या घरात. तेवढ्याच मापाचं मेटल साधारण तीन किलो, मागची पट्टी वेगळी. भिंत जांभ्या चिऱ्याची. चिऱ्यात कुठे टणक लागतं, कुठे ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं, गिट्टी नुसती फिरत राहते. खाली आठ माणसांचं जेवणाचं टेबल. तो म्हणाला, "बरां, मेटल." मनातून पटलं की टेबलामुळे घाबरला, माहीत नाही.

पारदर्शक थराचं मेटल एकच, पहिल्या खोलीत: फक्त बांगडे, माणसं नाहीत, आभाळ नाही. त्यासाठी फोटोच वेगळा काढला.

ॲक्रिलिकही एकच: एसी खोलीत, खिडकीच्या बाजूच्याच भिंतीवर, म्हणजे प्रतिबिंब नाही. फोटो दशावतारातल्या संकासुराचा. रात्रीचा मांड, काळा वेष, मागे काळोख. मेटलवर तो काळा बरा होता, ॲक्रिलिकमध्ये विहिरीसारखा झाला. थेट छपाईचा, कडा राऊटरने कापून पॉलिश केलेल्या. खोलीत छोटी पाटी लावणार: "फोटोला फक्त ओलं कापड."

उरलेल्या दोन खोल्या साध्या, सॅटिन मेटल. इथे फार डोकं लावलं नाही.

सासरे मॅट मेटलवर, तपकिरी. काकींना ते चांदीवर हवे होते, नमुना करून दाखवला तेव्हा टोपी स्टीलच्या वाटीसारखी चमकली. "रवांदे," म्हणाल्या. मूळ फोटो काचेसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कपाटाच्या वरच्या खणात.

सगळ्या मेटलला भोक पाडायचं नाही. मागे ॲल्युमिनियमचीच पट्टी चिकटवून त्यावर टांगायचं, भिंतीपासून अर्धा इंच सुटं, म्हणजे मागून हवा जाईल. चारी कडांवर लॅबनेच पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरचा हात द्यायचा. स्क्रू ३१६ स्टेनलेस. ३१६ मध्ये मोलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा पुष्कळ बरं. बंदराजवळ बोटीचं सामान विकणाऱ्याकडे मिळाले. त्याने विचारलं, कुठल्या होडीला? मी म्हटलं, भिंतीला.

१८ सप्टेंबर

पार्सल आलं. एका मेटलचा कोपरा वाकलेला. एक मिलिमीटरचा पत्रा कोपऱ्यावर आपटला तर वाकणारच, आणि सरळ करायला गेलं की थराला तडा जातो. वाहतूकवाल्याचं म्हणणं, पॅकिंग कमी होतं; लॅबचं म्हणणं, पॅकिंग बरोबर होतं. दोघांनाही माझ्याकडून पुरेसं ऐकायला मिळालं. नवीन तुकडा दहा दिवसांत, चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या टोप्या घालून.

४ ऑक्टोबर

दसरा झाल्यावर लावायला घेतले. मेस्त्री सकाळी आठला.

चिऱ्याच्या भिंतीने अपेक्षेप्रमाणे छळलं. मोठ्या फोटोच्या चार भोकांपैकी दोन पोकळ लागली. मेस्त्रींनी त्यात सिमेंट भरलं, आम्ही जेवलो, तोवर ते जरा धरलं, पण मी उद्यापर्यंत थांबायला लावलं. लाल धूळ सगळीकडे, काकींच्या भाषेत शिमगो.

संकासुराच्या ॲक्रिलिकला स्टीलच्या स्टडसाठी भोकं आहेत, ती स्टडपेक्षा दोन मिलिमीटर मोठी मागितली होती. मेस्त्रींना वाटलं माप चुकलं, आणि ते फट भरायला निघाले. थांबवलं. तीन फुटी ॲक्रिलिक पंधरा अंशांच्या फरकाला जवळजवळ एक मिलिमीटर लांबतं, ॲल्युमिनियम त्याच्या तिसरा हिस्सा. एसी रात्री चालू, दुपारी बंद. भोक घट्ट असलं तर वाढायला जागा नाही, मग शीट फुगते किंवा भोकाशी तडकते. मेस्त्री म्हणाले, दारांचंही पावसाळ्यात असंच होतं. बरोबर, फक्त तिथे कारण ओल आणि इथे ऊब.

९ नोव्हेंबर

महिन्यानंतरची फेरी. कडा स्वच्छ, स्क्रू स्वच्छ. पण एक गोष्ट तीन महिन्यांच्या नमुन्यांनी मला सांगितलीच नव्हती, कारण ते तिन्ही महिने बहुतेक ढगाळ होते: साडेचारनंतर ऊन माडांच्या खालून सरळ पडवीत येतं आणि तिसऱ्या फोटोवर बसतं, सूर्य बुडेपर्यंत. सब्लिमेशनचे, म्हणजे मेटलवर वाफेने थरात शिरलेले, रंग रोजच्या थेट उन्हात हळूहळू उडतात. मेस्त्रींना सांगून त्या बाजूला चुडतांचा झाप लावून घेतला. पाहुण्यांना तो सजावटीचा भाग वाटतो. तिसरा फोटो दर मार्चला मोबाइलवर त्याच जागेवरून, त्याच वेळी काढून ठेवायचा.

निघताना स्वयंपाकघरात डोकावले. सोलकढीच्या पातेल्यावर झाकण म्हणून माझा पांढऱ्या थराचा नमुना, रापण वर, बांगडे माझ्याकडे बघताहेत. मी काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या, "तूच सांगलंस मा, ह्या गंजणा नाय म्हणान."

खालची कड बघितली. पांढरी पूड पुसून टाकलेली होती.